अबोला धरलेला व्हॉल्व

पुष्पावती साळवेनं टेस्ट रूमचं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थबकली.

तिच्या इंजिनावर एक अनोळखी माणूस ओणवा झाला होता. तिनं दोन महिने खपून केलेल्या वायरिंगचं सॉकेट त्यानं ओठांशी धरलं होतं आणि डोळे मिटून, चूल पेटवताना घालतात तशी, तो त्यात फुंकर घालत होता.

"अहो! काढा ते तोंडापासून!"

फुंकर अर्ध्यावर राहिली. माणसानं डोळे उघडले. डोळे चांगले होते, पण ते पुष्पावतीच्या ध्यानात नंतर आलं. त्या क्षणी तिला फक्त त्याचे ओठ दिसत होते, आणि ओठांतली वाफ.

"धूळ असंल म्हटलं," तो म्हणाला.

"तोंडातल्या वाफेनं पिना ओल्या होतात. ओल्या झाल्या की गंजतात. हा काय घासलेटचा स्टोव्ह आहे?"

"न्हाई मॅडम. स्टोव्ह एवढा भाव खात न्हाई."

त्यानं सॉकेट खाली ठेवलं, ते मात्र झोपलेलं मूल ठेवावं तसं. मग हात फडक्याला पुसत म्हणाला, "औटी. गोरक्षनाथ औटी. असेंब्लीत हुतो, आजपास्नं हिकडं टाकलंय. कारभारी तात्या म्हनले, व्हॉल्व बोलंना झालाय, जाऊन बघ."

"बोलत नाहीये?" पुष्पावती इंजिनापाशी धावली. "मंगळवारी तर चांगला बोलत होता!"

अठ्ठ्याण्णव सालचा दसरा नुकताच झाला होता. सुप्याच्या वसाहतीतल्या त्या इंजिनच्या कारखान्यात परदेशातून एक नवा कंट्रोल बॉक्स आला होता. धुराचे नवे नियम येणार अशी हवा होती, म्हणून डिझेलच्या इंजिनातला थोडा धूर परत इंजिनातच फिरवायचा, म्हणजे आतली आग जरा थंड जळते आणि बाहेर पडणारं विष कमी होतं, असा तो प्रकार. तो धूर किती फिरवायचा ते एक व्हॉल्व ठरवी. बॉक्सनं त्याला सांगायचं, 'इतका उघड'. त्यानं उलट सांगायचं, 'उघडलो'. हे बोलणं दोन बारीक तारांतून चाले, आणि त्या तारा बॉक्सपासून व्हॉल्वपर्यंत नेण्याचं काम पुष्पावतीचं होतं.

नगरच्या तंत्रनिकेतनातून तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. मशिनवर काम करणारी अख्ख्या शॉपमध्ये ती एकटीच बाई. बाकी दोघी ऑफिसात टायपिंगला. सहा महिन्यांच्या बोलीवर तिला घेतलं होतं आणि ते सहा महिने याच ऑक्टोबरात भरत होते. दसऱ्याला दरवर्षीप्रमाणे ती आई-वडलांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. बुधवारपासून रजा, सोमवारी हजर. आणि हजर होते तर हे! बॉक्सवरचा लाल दिवा डोळे वटारून बसलेला, इंजिनाची ताकद निम्म्यावर आलेली.

तेवढ्यात कारभारी तात्या आले. शॉपचे फोरमन, तीस वर्षांची नोकरी, कपाळाला बुक्का. आल्या आल्या त्यांनी निकाल दिला.

"खंडेनवमीला सगळ्या शॉपनं मशिनींची पूजा केली. हिच्या मशिनीला हळदकुंकू लावायच्या दिवशीच बाई रजेवर. मग मशीन रुसनारच की!"

"तात्या, मशीन रुसत नाही. तार तुटते, पिन सैल होते, नाहीतर व्हॉल्व मरतो. आणि मी पूजा करत नाही हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"तेच म्हनतोय मी," तात्या म्हणाले आणि नोंदवही उघडून त्यांनी लाल पेनानं लिहिलं: 'वायरिंग सदोष. कु. साळवे.'

न बघता! एका तारेला हात न लावता! पुष्पावतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अशा वेळी तिला ओरडावंसं वाटे आणि ओरडलं की डोळ्यांत पाणी येई, म्हणून ती ओरडत नसे. तिनं इंजिनावर फिरणारी एक मुंगी टिचकीनं उडवली. तिच्या मनात येऊन गेलं, डिझेलमध्ये मुंग्यांचं काय काम? पण रागाच्या भरात ते तिथंच राहिलं.

दुपारी मॅनेजर साहेबांनी बोलावून सांगितलं. शनिवारी पुण्याचे साहेब येणार. तोवर इंजिन सुरळीत चाललं पाहिजे. "नाहीतर तुम्हाला कायम करायचं मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"सर, दोष वायरिंगचा आहे हे अजून कुणी बघितलेलंच नाही."

"वहीत लिहिलंय की."

मंगळवारी औटीनं व्हॉल्व खोलला, काजळी काढली, डिझेलनं धुतला, परत बसवला. अर्धा तास गुण आला, मग पुन्हा लाल दिवा. बुधवारी त्यानं स्टोअरमधून नवाकोरा व्हॉल्व आणला. अर्धा तास, आणि लाल दिवा.

"दोन दिवस वाया घालवलेत," पुष्पावती म्हणाली. "मी सोमवारीच सांगितलं होतं, व्हॉल्व बरा आहे."

"तुमी सांगितलं न्हाई, तुमी वरडला. वरडल्यावर मला ऐकू कमी येतं."

"बॉक्स काय म्हणतोय ते तरी ऐकू येतंय का? व्हॉल्व अडकलाय असं तो म्हणत नाहीये. व्हॉल्व उत्तरच देत नाहीये, असं म्हणतोय. पायात लचक भरली तर पाय चोळतात. पण एखाद्यानं अबोला धरला, तर त्याचा पाय चोळून काय उपयोग?"

गोरक्षनाथ इतका मोठ्यानं हसला की तिकडून तात्यांनी मान वर केली.

"तुमच्या घरी कुनी धरतं का अबोला?"

"माझी आई. विमलबाई. तीन-तीन दिवस."

"मग बोलती कशी करता?"

"अबोला कुठल्या गोष्टीपासून सुरू झाला ते शोधते." ती बोलून गेली, आणि मग आपण ह्या माणसाला घरचं का सांगतोय म्हणून पुन्हा चिडली.

त्याच संध्याकाळी मॅनेजर साहेब फेरीला आले. काय झालं, त्यांनी विचारलं. गोरक्षनाथ म्हणाला, "व्हॉल्व दोन्ही चांगले हायेत साहेब. आता वायरिंगच बघाया पायजे."

झालं! मॅनेजर साहेबांनी पुष्पावतीकडे बघितलं, तात्यांनी वहीकडे बघितलं. आणि पुष्पावतीनं गोरक्षनाथकडे असं बघितलं की त्याच्या हातातला पाना खाली पडला.

साहेब गेल्यावर तो मागं मागं आला. "अवो मॅडम, तुमीच म्हनत हुता ना, व्हॉल्व बरा हाय म्हनून... मी तुमचंच बोलनं पुढं नेलं."

"माझं बोलणं मी नेते. मला पाय आहेत."

मग तिनंच अबोला धरला. गुरुवार सकाळभर टेस्ट रूममध्ये दोघं एकमेकांशी फक्त हातवाऱ्यांनी बोलले. त्यानं पाना पुढं केला की ती पक्कड मागे, पक्कड पुढं केली की पाना. अकराच्या चहाला त्यानं कप तिच्या टेबलावर ठेवला आणि बशीत चार खारे शेंगदाणे. तिनं चहा घेतला. शेंगदाणे ठेवले. थोड्या वेळानं तिनं एक खाल्ला, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून हसत होता. ते तिला दिसलं. तिला दिसलं हे त्याला दिसलं नाही.

शेवटी इंजिन बंद करून, बॅटरीची तार काढून तिनं मीटर आणला आणि दोन तारांना टोकं लावली.

"आकडा वाचा," ती म्हणाली. अबोला असा संपला.

"साठ."

"बरोबर. दोन तारांच्या दोन टोकांना एकेक रोध, म्हणजे रेझिस्टर, बसवलेला असतो. एक बॉक्सपाशी, एक व्हॉल्वपाशी. एकशेवीस ओहमचा एकेक. दोन्ही टोकं जोडलेली असली की मीटरवर साठ येतात. एक टोक कुठं सुटलं, तर एकशेवीस."

"म्हंजी दोन असले की कमी, आन् एकटा ऱ्हायला की जास्त?"

"हो."

"लई उलटं गनित हाय."

"शाळेत शिकवतात. तुम्ही त्या दिवशी फुंकर घालायला गेला असाल."

मग इंजिन तापवलं, बंद केलं, पुन्हा मोजलं. गोरक्षनाथनं आकडा वाचला आणि सरळ उभा राहिला. "एकशेवीस."

थंड असताना साठ, तापल्यावर एकशेवीस! म्हणजे तार तुटलेली नव्हती. कुठंतरी एक सांधा गरम झाला की हात सोडत होता. पुष्पावतीला वाटलं टाळी वाजवावी, आणि पुढच्याच क्षणी तिनं हात खाली घेतले. सांधे तर सगळे तिनंच केलेले! तात्यांचं लाल पेन खरं ठरणार होतं की काय?

शुक्रवारी सकाळपासून ती एकेक सांधा उघडून बघत होती. पाच सांधे, पाचही लख्ख. सहावा इंजिनाच्या ब्रॅकेटमागे, हात जेमतेम जाईल असा. तिकडे तिचा हात जाईना. म्हणजे जात होता, पण ती नेत नव्हती. कारण आता तिला आठवलं होतं. रजेआधीच्या मंगळवारी शेवटचा सांधा तिनं तोच केला होता, कंपनीची बस सुटत आली होती आणि वरची रबरी टोपी आल्यावर बसवू म्हणून तिनं खिशात टाकली होती. टोपी अजून त्याच ॲप्रनच्या खिशात होती. बोटांना लागत होती.

"मॅडम," गोरक्षनाथ हळूच म्हणाला, "हितं मुंग्यांची रांग हाय."

रांग ब्रॅकेटवरून चढत होती आणि बरोबर त्या सांध्याच्या मागे नाहीशी होत होती. त्यानं हातातल्या बॅटरीचा उजेड धरला, तिनं सांधा उघडला. आत पिनांवर हिरवी भुकटी, चिकट, आणि सात-आठ मुंग्या. खाचेत अडकलेला एक तपकिरी धागा तिनं चिमट्यानं ओढून काढला. नारळाची शेंडी होती. तिला कुंकू लागलेलं होतं.

पुष्पावतीनं चिमटा उजेडात धरला. मग तिला जे हसू आलं ते फार कडू होतं.

"हळदकुंकू लावलं नाही म्हणून मशीन रुसलं म्हणे! हे बघा. नारळाचं पाणी! गोड, खारट, आणि सरळ उघड्या सांध्यात. कुठल्या शहाण्यानं इंजिनावर नारळ फोडला? फरशीवर फोडायला जागा नव्हती? माझ्या मशिनाला हात लावायच्या आधी मला विचारायचं, एवढी रीत नाही कुणाला? आता तात्यांपुढे नेऊन धरते हे. सांगा ना, कुणी फोडला?"

बॅटरीचा उजेड हलला.

"मी," गोरक्षनाथ म्हणाला.

बाहेर परतीचा पाऊस पत्र्यावर चार थेंब टाकून गेला.

"तुम्ही?"

"तवा मी असेंब्लीत हुतो. सगळ्या मशिनींला झेंडूची माळ, हळदकुंकू, समदं... आन् तुमच्या इंजिनाकडं कुनी फिरकंना. तात्या म्हनले, ऱ्हाऊ दे ते, तिची तिला चाड न्हाई. मला लई वाईट वाटलं." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "दोन म्हैनं काचंतनं बघत हुतो मी तुमाला. जेवायची सुट्टी झाली तरी तारा वळत बसायच्या. म्हटलं, एवढ्या मायेनं केलंय बाईनं आन् त्येच्या वाट्याला एक फूल न्हाई! म्हनून तुमच्या वतीनं फोडला. वरच, ब्रॅकेटवर. चांगला फुटावा म्हनून जोर लावला."

पुष्पावतीला राग येत होता, तो नक्की कुठल्या गोष्टीचा ते कळत नव्हतं. आपण पूजा करत नाही आणि आपल्याच नावानं पूजा झाली, ह्याचा? वायरिंग नासलं, ह्याचा? की दोन महिने कुणी काचेतून बघत होतं आणि आपण एकदाही मान वर केली नाही, ह्याचा?

"माझ्या वतीनं?" ती म्हणाली. "मला न विचारता? आमच्या घरात माझ्या आजोबांनी देव्हारा स्वतःच्या हातानं उचलून घराबाहेर ठेवला, औटी. उगाच नाही. विचार करून. आणि तुम्ही..." तिनं हिरव्या पिनांचं सॉकेट कागदात गुंडाळलं आणि ती बाहेर गेली.

त्या दिवशी भिंगारला घरी पोचली तरी ती धुमसत होती. विमलबाईनं भाकरी वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "आणि टोपी?"

पुष्पावतीनं मान खाली घातली.

"तुझी चूक तेवढी तुझी. बाकीची पोतंभर कुणी पाठीवर टाकत असेल तर फेकून दे. पण आपली मुठीतली लपवू नको, पुष्पे. लपवलीस तर त्यांचं लाल पेन जिंकलं."

शनिवारी पुण्याचे साहेब आले. टेस्ट रूममध्ये मॅनेजर, तात्या, आणि भिंतीला टेकून गोरक्षनाथ. पुष्पावतीनं नवा सांधा जोडून इंजिन चालवून दाखवलं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. लाल दिवा लागला नाही. मग तिनं टेबलावर कागद उलगडला. हिरव्या पिना, मुंग्या, कुंकवाचा धागा.

"नारळाचं पाणी गेल्यानं..." तिनं सुरुवात केली. आणि थांबली. कुणाचं नाव घ्यायचं ते ओठांवर आलं होतं, ते पुढं येईना. कालपर्यंत केवढी घाई होती तिला!

"नारळ मी फोडला साहेब," मागून आवाज आला. "बाईंचा काय दोष न्हाई. वायरिंग एक नंबर हाय. काय करायचं ते माझं करा."

तात्यांच्या कपाळावरचा बुक्का आठ्यांत मुडपला.

पुष्पावती गर्रकन वळली. "तुम्हाला कुणी मधे बोलायला सांगितलं? पुन्हा माझ्या वतीनं?" आणि साहेबांकडे बघून म्हणाली, "सर, त्या सांध्यावर रबरी टोपी असते. ती मी बसवली नव्हती. बस चुकेल म्हणून." तिनं खिशातून टोपी काढून कागदाशेजारी ठेवली. "टोपी असती तर नारळ काय, तांब्याभर पाणी ओतलं असतं तरी आत गेलं नसतं. ही माझी चूक. ती माझ्या नावावर लिहा. पण वायरिंग सदोष हे खोटं आहे. बघितल्याशिवाय लिहिलंय. ते खोडा, आणि ज्यांनी लिहिलं त्यांनीच खोडा."

पुण्याचे साहेब कधी टोपीकडे, कधी मुंग्यांकडे बघत राहिले. "चुकांसाठी भांडणारी माणसं मी पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले. "वही आणा."

तात्यांनी लाल ओळीवर रेघ मारली. साहेब सांगत गेले, तात्या लिहीत गेले, एकेका अक्षरापाशी थांबत. 'कारण: नारळाचे पाणी (गोरक्षनाथ औटी) व टोपी नसणे (पुष्पावती साळवे).'

वही मिटताना तात्या पुटपुटले, "लग्नपत्रिकाच झाली की ही."

कुणी हसलं नाही. दोघांचे कान मात्र लाल झाले.

पुष्पावतीला कायम केलं नाही. तीन महिने आणखी बघू, असं मॅनेजर साहेबांनी सांगितलं. गोरक्षनाथला समज दिली आणि सोमवारपासून परत असेंब्लीत पाठवलं. एवढ्यावर निभावलं, म्हणून बाकी सगळ्यांचं समाधान झालं. पुष्पावतीचं नव्हतं. ती तरातरा गेटबाहेर आली आणि कंपनीची बस उभी असताना तिच्यात न चढता पुणे-नगर रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. का, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

सायकल हातात धरून गोरक्षनाथ मागून आला. पाऊस नुकताच येऊन गेला होता. तापल्या डांबरातून वाफ निघत होती आणि समोरच्या वावरात पेरलेल्या ज्वारीचा ओला वास येत होता.

"राग हाय?" त्यानं विचारलं.

"आहे."

"किती?"

"पुष्कळ. माझ्या नावानं परत काही करायचं नाही. पूजा नाही, कबुली नाही, काही नाही. आधी मला विचारायचं."

"बरं. विचारीन." सायकलची घंटी त्यानं अंगठ्यानं उगाच अर्धी दाबली. "...विचारू?"

"काय?"

"आत्ता. विचारू का, म्हनून विचारतोय."

एक टेम्पो भरधाव गेला. पुष्पावतीनं पदर सावरला.

"तुमच्या घरी..." ती शेवटी म्हणाली, "चालेल तुमच्या घरी?"

"न्हाई चालनार," तो म्हणाला. सरळ म्हणाला, गोड करून नाही. "आई आठ दिस बोलनार न्हाई. चुलते त्येच्याहून जास्त. तुमच्या घरी?"

"आई तीन दिवस. वडील..." तिनं सुस्कारा सोडला. "वडील म्हणतील, नारळवाल्याच्या घरात जाणारेस? तिथं तुला कोण विचारणार? तेही खोटं नाही."

"मी विचारीन ना. दर येळी. पूजा माझी मी करीन, तुमच्यावर थेंब उडनार न्हाई." त्यानं पहिल्यांदा सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. "पर माझ्या घरचा रोध एकशेवीस, तुमच्या घरचा एकशेवीस... एवढं जमंल का, पुष्पावती?"

तिच्या आजीचं ते नाव, कॉलेजात सगळ्यांनी चेष्टा केलेलं, आज कुणीतरी फुंकर घालावी तसं उच्चारलं होतं.

बसचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर तिच्यासाठीच थांबला होता. ती चार पावलं गेली, थांबली, आणि मास्तरीण मुलावर खेकसते तशी खेकसली —

"गुरुवारी काय शिकवलं होतं मी? एवढ्यात विसरलात? दोन्ही टोकं जोडलेली असली तर किती येतात?"

गोरक्षनाथला क्षणभर काही कळलं नाही. मग सायकल त्याच्या हातातून सुटली आणि चिखलात आडवी झाली.

"साठ!" तो ओरडला. "साठ येत्यात!"

"मग मोजा," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली. खिडकीशी बसली, आणि सुपा मागं पडेपर्यंत तिनं मान वळवून बघितलं.